वडाची सावली, नीरफणसाची सावली

गेली पंचवीस वर्षे मी अमेरिकन मराठी मिशनच्या इतिहासावर काम करतो आहे. या कामात बॉस्टनहून निघणाऱ्या 'मिशनरी हेरल्ड' या मासिकाचे जुने खंड सतत चाळावे लागतात. मुंबई आणि अहमदनगरहून गेलेली पत्रे त्यांत छापलेली असतात. त्यांच्या आगेमागे 'सँडविच बेटे' अशा मथळ्याखाली आणखी काही पत्रे असतात. सँडविच बेटे म्हणजे आजची हवाई. ही पाने मी वर्षानुवर्षे नुसती उलटत आलो. आपला विषय नव्हे, एवढेच कारण.

खरे तर विषय फारसा वेगळा नव्हता. ज्या संस्थेने गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांना पाठवले आणि ते १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, त्याच संस्थेची पहिली तुकडी १८२० मध्ये हवाईत पोहोचली. दोन्हीकडे कामाची रीत तीच होती: स्थानिक भाषा शिकायची, छापखाना घालायचा, शाळा काढायच्या. नगरला १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू झाला. त्याच्या आठ वर्षे आधी, १८३४ मध्ये, माउई बेटावरच्या लाहाइना गावाच्या वरच्या टेकडीवर, लाहाइनालुना शाळेच्या छापखान्यातून 'का लामा हवाई' हे हवाईयन भाषेतले वृत्तपत्र निघाले होते. हवाईत छापलेले ते पहिले वृत्तपत्र.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माझ्या भाचीमुळे २०१८ च्या सुरुवातीला मला लाहाइना पाहता आले. बंदरासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या चौकात एक वड होता. एक वड म्हणायचे, पण त्याच्या पारंब्या जमिनीत रुजून त्यांची खोडे झाली होती आणि सारा चौक त्याच्या छायेत होता. उंची साठेक फूट. २४ एप्रिल १८७३ रोजी विल्यम ओवेन स्मिथ या शेरीफने तो लावला, तेव्हा ते आठ फुटांचे रोप होते. निमित्त होते लाहाइनातल्या मिशनच्या पन्नास वर्षांचे. आणि रोप आले होते हिंदुस्थानातून, तिथल्या मिशनऱ्यांची भेट म्हणून. मी पाराच्या सवयीने झाडाखाली बसलो. भाची हसून म्हणाली, "मामा, तुम्ही अगदी माहेरचं माणूस भेटल्यासारखे बसलात."

पुढे जे घडले, त्यात हे माहेरपण मला जरा महागात पडले. त्याचाच हा हिशोब.

गाव कसे वाळत गेले

लाहाइना ८ ऑगस्ट २०२३ रोजी जळाले. आपल्याकडे तेव्हा ९ ऑगस्टची सकाळ होती. त्या पहाटे वादळी वाऱ्यात वीजवाहिन्या तुटल्या आणि गावाच्या वरच्या अंगाला गवत पेटले. आग आटोक्यात आल्याचे जाहीर झाले, दुपारी बंब परत गेले आणि तीनच्या सुमारास तिथेच पुन्हा ज्वाळा उठल्या. सकाळच्याच आगीची धग पुन्हा भडकली, असा निष्कर्ष ऑक्टोबर २०२४ मधल्या अधिकृत चौकशी अहवालात आहे. धोक्याचे भोंगे वाजले नाहीत. समोर समुद्र, मागे आग आणि मधल्या रस्त्यावर अडकलेल्या मोटारी. काही माणसे समुद्रात उतरली आणि तासन् तास पाण्यात राहून वाचली. १०२ माणसे गेली. त्यांत वृद्धांचा भरणा मोठा होता. सुमारे २,२०० इमारती नष्ट झाल्या आणि त्यांतली बहुसंख्य राहती घरे होती. अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षांत एवढा मनुष्यसंहार करणारा वणवा झाला नव्हता.

वारा मोठा होता, दक्षिणेकडून दूर अंतरावरून डोरा हे चक्रीवादळ जात होते, हे सारे खरे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला प्रश्न पडतो की पेटायला एवढे गवत आले कुठून? लाहाइना हे मुळात पाण्याचे गाव. हवाईच्या राजांची राजधानी इथे होती, १८४५ पर्यंत. १८४० ची हवाईची पहिली राज्यघटना याच काळातली. गावात मोकुहिनिया नावाचे तळे होते आणि तळ्यातल्या मोकुउला या बेटावर तिसऱ्या कामेहामेहा राजाचे निवासस्थान होते. डोंगरातून ओढे येत, त्यांच्यावर अळूची खाचरे पिकत. गावाचे एक जुने काव्यमय नाव होते 'मालु उलु ओ लेले', म्हणजे लेलेची नीरफणसाची सावली. लेले हे लाहाइनाचे पूर्वीचे नाव. उलु म्हणजे ज्याला आपल्या कोकणात नीरफणस म्हणतात, ज्याच्या कापा भाजून तिखटमीठ लावून खातात, तेच झाड. हे अख्खे गाव त्याच्या राईत होते.

मग ऊस आला. १८६० मध्ये पायोनियर मिल हा साखर कारखाना सुरू झाला. ओढ्यांचे पाणी पाटांनी उसाकडे वळले, नीरफणसाच्या राया गेल्या, खाचरे सुकली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तळे बुजवून त्यावर मैदान झाले. उसाच्या कामासाठी चिनी, जपानी, पोर्तुगीज आणि शेवटी फिलिपिनो मजूर आणले गेले. आगीच्या वेळी गावातली जवळपास चाळीस टक्के वस्ती फिलिपिनो वंशाची होती. १९९९ मध्ये कारखाना बंद पडला. उसाच्या जमिनी पडीक राहिल्या आणि त्यांवर गिनी गवतासारखे बाहेरून आणलेले चारागवत माजले. पावसाळ्यात माणसाच्या डोक्याएवढे वाढणारे आणि उन्हाळ्यात काडीला काडी घासली तरी पेटेलसे वाटणारे गवत. २०१८ च्या ऑगस्टमध्ये, मी जाऊन आल्यावर काही महिन्यांनी, लेन या वादळाच्या वाऱ्यात याच गवताने पेट घेऊन काही घरे जाळली होती. ती सूचना होती.

मदत कोण करते?

आगीनंतरच्या आठवड्यात साऱ्या जगाने एक छायाचित्र पाहिले: राखेच्या चौकात उभा असलेला, करपलेला तो वड. मीही पाहिले. त्याच रात्री झाडाच्या शुश्रूषेसाठी जमेल तेवढे पैसे पाठवले आणि भाचीला फोन करून सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, झाडाला पैसे पाठवलेत ते चांगलंच केलंत. पण तिथं घरं कुणाची गेली, हे एकदा विचारलंत का?"

विचारले नव्हते. मग वाचू लागलो.

पहिल्या दिवसांत पश्चिम माउईकडे जाणारा रस्ता बंद होता, वीज नव्हती, फोन लागत नव्हते. सरकारी यंत्रणा पोहोचण्याआधी बेटाच्या दुसऱ्या अंगाची आणि शेजारच्या मोलोकाई बेटाची माणसे स्वतःच्या होड्यांतून पाणी, इंधन, औषधे, लहान मुलांचे दूध घेऊन आली. किनाऱ्यावर माणसांची साखळी करून सामान उतरवले गेले. गावाच्या उत्तरेकडच्या बागांत, धक्क्यांवर, कुणाच्या अंगणात वाटपाची केंद्रे उभी राहिली. ती चालवणाऱ्यांत ज्यांचे स्वतःचे घर गेले होते अशीही माणसे होती. कुणाच्या घरात इन्सुलिन लागते, कुणाच्या आजीला इंग्रजी येत नाही आणि अर्ज तिच्या भाषेत समजावून सांगावा लागेल, हे त्यांना ठाऊक होते. ही माहिती कुठल्याही कार्यालयात नोंदलेली नसते. गाव म्हणजे काय, याची मला सापडलेली ही सर्वांत नेमकी व्याख्या आहे: कुणाला काय लागते हे न विचारता ठाऊक असणाऱ्या माणसांचा समूह.

बाहेरच्या मदतीला हे ठाऊक नसते. तिला जे दिसते तिकडे ती जाते. याचे इतिहासातले ठळक उदाहरण ८ ऑक्टोबर १८७१ चे. त्या रात्री शिकागो शहर जळाले आणि त्याच रात्री विस्कॉन्सिनमधले पेश्तिगो हे लाकूडकामाचे गाव आणि भोवतीचा मुलूख वणव्यात गेला. शिकागोत सुमारे ३०० माणसे गेली, पेश्तिगोच्या वणव्यात किमान १,२००. पण तारा शिकागोच्या फिरल्या. विस्कॉन्सिनचे राज्यपाल ल्यूशियस फेअरचाइल्ड आणि त्यांचे अधिकारी मदत घेऊन शिकागोला गेले होते, तेव्हा उत्तरेतली तार मॅडिसनला पोहोचली. राज्यपालांच्या चोवीस वर्षांच्या पत्नी फ्रान्सिस यांनी कुणाच्या हुकमाची वाट न पाहता शिकागोसाठी भरलेला मालडबा उत्तरेकडे वळवला आणि त्यात घालायला शहरातून घोंगड्या गोळा केल्या. आजही शिकागोची आग सगळ्यांना माहीत असते. पेश्तिगोचे नाव सांगावे लागते.

लाहाइना अप्रसिद्ध राहिले नाही. पण त्या गावातही काही गोष्टी शिकागो होत्या आणि काही पेश्तिगो. वड हा शिकागो होता. मी मालडबा तिकडेच पाठवला होता.

हॉटेल, पैसा आणि मासेमारीची काठी

बेघर झालेल्यांना जवळच्या पर्यटन हॉटेलांत ठेवण्यात आले. ऐन भरात ही संख्या आठ हजारांच्या घरात होती. आगीपूर्वी गावाची लोकसंख्याच मुळी साडेबारा हजारांच्या थोडी पुढे होती, हे लक्षात घेतले म्हणजे प्रमाण कळते. केंद्र सरकारच्या आपत्ती संस्थेने तातडीच्या गरजांसाठी प्रत्येक कुटुंबाला एकदाच ७०० डॉलर दिले. ओप्रा विन्फ्री आणि ड्वेन जॉन्सन यांनी एक कोटी डॉलर घालून जो निधी सुरू केला, त्यातून आगग्रस्त प्रौढांना दरमहा १,२०० डॉलर थेट खात्यात मिळू लागले. ही मदत सुमारे सहा महिने चालली आणि आठ हजारांवर माणसांपर्यंत गेली. तारांकितांनी आधी आपला खिसा का रिकामा केला नाही, अशी टीका झाली. ती बाजूला ठेवून मला तिची रीत महत्त्वाची वाटते. जुने कपडे आणि डबे यांचे ढीग कुठल्याही आपत्तीनंतर साठतात. ते निवडायलाच माणसे लागतात. रोख रकमेत मात्र घेणाऱ्याच्या शहाणपणावर विश्वास असतो. कुणी भाडे भरले, कुणी मुलांसाठी चपला घेतल्या. कुणाला विचारावे लागले नाही.

पण विश्वासाने घर मिळत नाही. आगीला दोन महिने झाले त्याच दिवशी, ८ ऑक्टोबर २०२३ रोजी, पश्चिम माउईत पर्यटन पुन्हा सुरू करण्यात आले. हजारो लोकांनी सह्या करून विरोध केला. अजून शोक संपला नाही, मुलांच्या शाळेचा पत्ता नाही, आणि आम्ही पाहुण्यांसमोर हसत उभे राहायचे का, हा त्यांचा प्रश्न होता. दुसरी बाजूही खोटी नव्हती. याच गावातली असंख्य माणसे त्याच हॉटेलांत नोकरीला होती आणि पगाराशिवाय बसून होती. गावाला आधार देणे म्हणजे त्याला पर्यटकांपासून वाचवणे की पर्यटक मिळवून देणे, याचे उत्तर एकाच घरातले दोन भाऊ वेगवेगळे देत होते.

नोव्हेंबरमध्ये 'लाहाइना स्ट्राँग' या गावकऱ्यांच्या गटाने एक नवल केले. कानापालीच्या उंची हॉटेलांसमोरच्या वाळूत त्यांनी मासेमारीच्या काठ्या रोवल्या आणि तिथेच तळ ठोकला. किनाऱ्यावर मासेमारी हा कायद्याने राखलेला हक्क आहे, तेव्हा उठवायचे कुणाला? मागणी एकच: पर्यटकांना अल्पमुदतीने दिली जाणारी घरे गावकऱ्यांना दीर्घ मुदतीने मिळावीत. महिन्यांमागून महिने हा तळ राहिला. मे २०२४ मध्ये माउईचे महापौर रिचर्ड बिसेन यांनी निवासी इमारतींतली सुमारे सात हजार अशी घरे टप्प्याटप्प्याने पर्यटन-भाड्यातून काढण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावर प्रदीर्घ वाद झाला. पण प्रश्न चव्हाट्यावर आणला तो वाळूत रोवलेल्या काठ्यांनी.

जमिनीचा प्रश्न, आणि पवनारची एक वाट

राख निवण्याआधीच घरे गमावलेल्यांना जमीन विकता का म्हणून विचारणा होऊ लागली. राज्यपाल जोश ग्रीन यांना अशा व्यवहारांवर बंदी घालण्याची भाषा करावी लागली. इथल्या माणसांना हे नवे नव्हते. १८४८ च्या 'महेले' या जमीनवाटपाने आणि १८५० च्या कायद्यांनी हवाईत जमीन प्रथमच खाजगी, विकण्याजोगी वस्तू झाली आणि परदेशीयांना ती विकत घेता येऊ लागली. सामान्य कुळाला जो तुकडा मिळे, त्याला म्हणत 'कुलेआना'. या शब्दाचे दोन अर्थ आहेत: हक्क आणि जबाबदारी. मला आपला 'वतन' हा शब्द आठवला. वतन म्हणजे हक्कही आणि त्याबरोबर येणारी गावाची चाकरीही. आणि पुन्हा मायभूमीही. ज्या भाषेत हक्क आणि कर्तव्य एका शब्दात राहतात, त्या भाषेतल्या माणसाला जमिनीचा नुसता भाव कसा सांगायचा?

यातून २०२३ मध्येच गावकऱ्यांनी लाहाइना कम्युनिटी लँड ट्रस्ट काढला. ज्याला जमीन विकण्यावाचून गत्यंतर नाही त्याच्याकडून ती विश्वस्त संस्थेने घ्यायची आणि गावाच्या माणसांसाठी राखायची. ज्याच्या विम्याची रक्कम घर बांधायला पुरत नाही, त्याची तूट भरून द्यायची, आणि त्या बदल्यात ते घर पुढे मोकळ्या बाजारात जाणार नाही, अशी हमी घ्यायची.

ही कल्पना कुठून आली याचा माग काढताना मी थबकलो. अमेरिकेतला अशा प्रकारचा पहिला ट्रस्ट म्हणजे १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी स्थापन झालेली 'न्यू कम्युनिटीज'. मताधिकाराच्या चळवळीत भाग घेतला म्हणून जमीनदारांनी ज्यांना हुसकावले, अशा कुटुंबांसाठी ती होती. तिच्या संस्थापकांत चार्ल्स शेरॉड, स्लेटर किंग आणि रॉबर्ट स्वान हे होते, आणि स्वान यांच्यासमोर ज्या नमुन्यांचा आदर्श होता त्यांपैकी एक होता विनोबांचे ग्रामदान. रायगडच्या गागोद्यात जन्मलेल्या, पवनारला राहिलेल्या विनोबांनी १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत भूदान सुरू केले. पुढच्या वर्षी उत्तर प्रदेशातल्या मंगरोठ गावाने सगळी जमीनच गावाच्या नावे केली. मालकी गावाची, कसणे कुटुंबाचे, आणि गावाबाहेर विक्री नाही. आपल्याकडे ग्रामदान अयशस्वी ठरले असे म्हणण्याचा प्रघात आहे. न्यू कम्युनिटीजची सुमारे ५,७०० एकर जमीनही कर्जापायी १९८५ मध्ये गेली. पण कल्पना गेली नाही. ती अमेरिकेत शेकडो गावांत-शहरांत गेली आणि शेवटी एका जळलेल्या गावात पोहोचली.

हिंदुस्थानातून लाहाइनाला गेलेल्या दोन गोष्टींपैकी एक मी झाडाखाली बसून पाहिली होती. दुसरी, जिची गावाला जास्त गरज होती, ती मला माहीतही नव्हती.

कुठली सावली

वडाचे काय झाले, ते सांगायला हवे. स्वयंसेवकांनी त्याला टँकरने पाणी दिले, घट्ट झालेली जमीन सैल केली, मुळांना पातळ खत पाजले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याला पालवी फुटली. बराचसा भाग मेला, तो छाटावा लागला, बाकीचा जगला. त्या पालवीच्या छायाचित्राने अनेकांना बळ दिले आणि मी पाठवलेल्या पैशांबद्दल मला पश्चात्ताप नाही.

तरी लाहाइनातले काही हवाईयन लोक या वडाकडे वेगळ्या नजरेने पाहतात, हेही नोंदवले पाहिजे. त्यांच्या लेखी तो गावाचा पाहुणा आहे, दीडशे वर्षांचा झाला तरी. ज्या मिशनचा तो सुवर्णमहोत्सव होता, त्याच काळात त्यांची जमीन, त्यांची राया आणि पुढे शाळांतून त्यांची भाषाही गेली. आगीनंतर म्हणूनच नीरफणसाची चर्चा सुरू झाली. घर पुन्हा बांधणाऱ्या कुटुंबांना अंगणात लावायला झाडे मिळावीत म्हणून रोपे वाढवली जाऊ लागली. त्यांत उलु आहे. बुजवलेले मोकुहिनिया तळे पुन्हा जिवंत करावे, ओढ्यांना त्यांचे पाणी परत मिळावे, ही जुनी मागणी आता नुसती सांस्कृतिक राहिली नाही. ओली जमीन पेटत नाही, हे सगळ्यांनी पाहिले आहे.

आगीनंतरचे पहिले घर २०२४ च्या अखेरीस उभे राहिले. वीज कंपनी, राज्य आणि इतर प्रतिवादी यांच्यासह झालेल्या सुमारे चार अब्ज डॉलरच्या तडजोडीची वाटणी हे वेगळेच प्रकरण आहे. अनेक कुटुंबे बेट सोडून गेली. एकेक घर परत येते आहे, पण घर परत येणे म्हणजे गाव परत येणे नव्हे, हे तिथली माणसे आपल्यापेक्षा चांगले जाणतात. ज्याला कुणाच्या आजीचे औषध माहीत होते, तो शेजारी दुसऱ्या राज्यात भाड्याने राहत असेल, तर त्या रस्त्यावर घरे असतील, गाव नसेल.

मी आता 'मिशनरी हेरल्ड'मधली ती उलटलेली पाने वाचतो आहे. यंदाच्या उन्हाळ्यात भाची आली तेव्हा तिला म्हटले, पुढच्या वेळी काही पाठवायचे तर ते जमिनीसाठी पाठवू. ती म्हणाली, "आणि वडाला काय सांगायचं, मामा?"

वडाला काही सांगावे लागणार नाही. ज्या गावात पाहुणा म्हणून गेलो, तिथे यजमान परत यावेत एवढेच कुठल्याही भल्या पाहुण्याला हवे असते.